दोन निवडणुकांच्या मधले राजकारण

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. दोन दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले आणि शेतकरी रस्त्यावर बसले. तिसऱ्या दिवशी, २२ ऑगस्टला, केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन कांदा खरेदी करण्याची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना, ४ मे २०२४ रोजी, ही बंदी उठली, पण निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू होते. सप्टेंबरमध्ये ते निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण गेले. दोन वर्षेही झाली नाहीत तोवर एका पिकाबद्दल एवढे निर्णय फिरले. त्यांतला एकही निर्णय कोणा पक्षाने जाहीरनाम्यात लिहून मतदारांकडून मंजूर करून घेतलेला नव्हता. मग ते निर्णय कोणामुळे झाले आणि कोणामुळे फिरले?

उत्तर शोधायला लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उन्हाळ कांदा भरून आलेला शेतकरी समोर असतो. त्याने तो चाळीत महिनोन्महिने सांभाळलेला असतो आणि भाव पडला की चाळीतल्या सडीसकट तोटा त्याच्याच अंगावर येतो. बोली लावणारा व्यापारी असतो. लिलावात उतरायचे नाही असे त्याने आणि त्याच्या संघटनेने ठरवले, तर जिल्ह्याची बाजारपेठ एका सकाळीत थांबते. हमाल आणि मापारी असतात. हमाली-तोलाईच्या कपातीच्या वादावरून २०२४ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातले लिलाव बंद राहिले होते. निर्यातदार इथे दिसत नाही, पण त्याचे कंटेनर बंदरावर अडकले की दिल्लीत फोन खणखणू लागतात. शहरातली गृहिणी तर या आवारात कधीच येत नाही. तरीही कांदा महागला की सरकारे पडतात ही धास्ती, १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीपासून तर विशेषच, प्रत्येक सत्ताधाऱ्याच्या मनात घर करून आहे. आणि शेवटी खुद्द सरकारच्या आतही दोन टोके आहेत: ग्राहकाला स्वस्त मिळावे म्हणून झटणारे एक खाते आणि उत्पादकाला भाव मिळावा असे म्हणणारे दुसरे.

इतकी सगळी मंडळी एकाच निर्णयाला आपापल्या बाजूने ओढत असतात. ही ओढाताण म्हणजेच दबावगटांचे राजकारण. ते दोन निवडणुकांच्या मधल्या काळात अखंड चालते आणि सामान्य माणसाच्या पोटापाण्याचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात किंवा अडकतात. तरीही आपल्या राजकीय चर्चेचा नव्वद टक्के वेळ पक्ष, नेते आणि जागावाटप यांवरच जातो. मधल्या काळातले हे राजकारण वाचकाच्या नजरेपुढे आणावे, हा या पुस्तकाचा हेतू आहे.

व्याख्या सोपी आहे. समान हितसंबंध असलेली किंवा समान ध्येयाने एकत्र आलेली माणसे स्वतः सत्ता हाती न घेता सत्तेच्या निर्णयांवर प्रभाव पाडू पाहतात, तेव्हा त्यांचा दबावगट होतो. राजकीय पक्ष निवडणूक लढवतो, राज्य चालवू इच्छितो आणि म्हणून त्याला सगळ्याच प्रश्नांवर काहीतरी भूमिका घ्यावी लागते. दबावगटाला तसे बंधन नाही. तो एका प्रश्नावर उभा राहतो, त्यासाठी सगळ्या पक्षांची दारे ठोठावतो आणि कोणी आपला प्रश्न सोडवला याच्याशीच त्याला कर्तव्य असते. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून दिले आहे. त्यामुळे दबावगट लोकशाहीत मागच्या दाराने शिरलेले नाहीत. घटनेने मान्य केलेल्या हक्कातूनच ते उभे राहतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. किंबहुना आपल्याकडे पक्षांच्या आधी दबावगट आले. १८५२ मध्ये मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी आदींनी बॉम्बे असोसिएशन काढली आणि ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडले. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण होते. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी तिला अभ्यासाची शिस्त लावली. सभेचा सभासद होण्यासाठी पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवण्याची ही अट आजच्या कितीतरी संघटनांना झेपणार नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सभेने दुष्काळ संहितेतले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले. याचा सरकारला इतका जाच झाला की १८९७ मध्ये सार्वजनिक धोरणावर सरकारशी बोलण्याची सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. सत्ता ज्याची भीती बाळगते त्याच गटाची दारे बंद करते, हे तेव्हाच दिसून आले.

पण त्याच काळात दुसरा प्रश्नही उभा राहिला होता. सार्वजनिक म्हणवणाऱ्या सभेत शूद्रातिशूद्र कुठे आहेत, असा जोतीराव फुल्यांचा रोखठोक आक्षेप होता. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तर गिरणी कामगारांचीच संघटना उभारली, त्यांच्या सह्यांचे अर्ज केले, सभा भरवल्या आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. कोणाच्या नावाने कोण बोलतो, हा फुल्यांचा प्रश्न या विषयाच्या गाभ्याशी आहे. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तो पुन्हा विचारावा लागेल.

दबावगटांचे वर्गीकरण अभ्यासकांनी अनेक प्रकारे केले आहे. त्यांतली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ गॅब्रिएल आल्मंड यांची चौकट आपल्याकडे महाविद्यालयांतून शिकवली जाते: संस्थात्मक, संघटनात्मक, असंघटनात्मक आणि आकस्मिक. लासलगावला हे चारही प्रकार भेटतात. सरकारची परस्परविरोधी खाती हा संस्थात्मक गट. व्यापाऱ्यांची संघटना, शेतकऱ्यांच्या संघटना, हमालांची युनियन हे संघटनात्मक गट. त्यांच्याकडे सभासद, पदाधिकारी, वर्गणी असते. जात, भावकी, तालुका यांच्या नात्याने आमदाराच्या घरी जमणारी मंडळी असंघटनात्मक. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, पण वजन असते. आणि भाव कोसळल्याचे कळताच कोणी न बोलावता लिलाव बंद पाडून चौकात ठिय्या देणारा जमाव हा आकस्मिक गट. ही चौकट उपयोगी आहे, मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही. कारण ती गटांचे रूप सांगते, त्यांची ताकद सांगत नाही.

हितसंबंधांच्या अंगाने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पहिला मोठा वर्ग आर्थिक गटांचा. उद्योग-व्यापाराच्या संघटना त्यात सर्वांत जुन्या आणि सर्वांत शांत. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ चे, इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ चे, फिक्की १९२७ ची, पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे. अर्थसंकल्पाआधी त्यांना बोलावणे जाते, त्यांची टिपणे वाचली जातात. त्यांना रस्त्यावर उतरावे लागत नाही, यातच त्यांचे बळ आहे. कामगार आणि शेतकरी यांना मात्र रस्त्याखेरीज दुसरे सभागृह क्वचितच मिळाले.

दुसरा वर्ग नोकरदार आणि व्यावसायिकांचा. १९७७-७८ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी ५४ दिवस संपावर होते; मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा संप झाला. शिक्षकांचे स्थान तर आणखी वेगळे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात जागा शिक्षक मतदारसंघांच्या आणि सात पदवीधरांच्या आहेत. म्हणजे एका व्यवसायाचा आवाज घटनेनेच सभागृहात बसवला आहे. शेतमजुरांसाठी किंवा घरकामगारांसाठी अशी जागा नाही, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यायला हवे.

तिसरा वर्ग जाती-समूहांच्या गटांचा. २०१६ चे मराठा समाजाचे मूक मोर्चे, त्यानंतरचा २०१८ चा आरक्षण कायदा, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे, २०२४ चा नवा कायदा आणि या काळात ओबीसी संघटनांनी उभारलेला प्रतिदबाव हा सारा इतिहास ताजा आहे. चौथा वर्ग ध्येयवादी गटांचा. त्यांच्या मागणीचा लाभ फक्त त्यांच्या सभासदांना होत नाही, साऱ्या समाजाला होतो. ग्राहक पंचायत, माहिती अधिकाराची चळवळ, पर्यावरणाचे गट, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ही त्यांची नावे.

या गटांना यश कशाने मिळते? मागणी न्याय्य असणे पुरेसे नसते. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेला मुद्दा इथे महत्त्वाचा आहे: थोड्यांचे मोठे हित सहज संघटित होते, पुष्कळांचे थोडे थोडे हित विखुरलेले राहते. शंभर व्यापारी एका खोलीत बसून निर्णय घेऊ शकतात. लाखभर कांदा उत्पादकांना एकत्र आणायला वर्षे लागतात. कोट्यवधी ग्राहक तर एकमेकांना ओळखतही नाहीत. म्हणूनच १९७२ च्या महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रियांनी एका समितीखाली हजारो गृहिणींना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, ही असाधारण गोष्ट होती. संघटित होण्याची शक्यता सर्वांत कमी असलेल्या माणसांनी ते करून दाखवले.

यशाचे दुसरे कारण समोरच्याला किती काळ थांबणे परवडते हे. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांची एकजूट कमी नव्हती आणि मागण्याही अवाजवी नव्हत्या. परंतु कापडधंदा आधीच मंदावलेला, अनेक गिरण्या जुनाट यंत्रांवर चालणाऱ्या. त्यामुळे संप लांबला तरी मालकांना घाई नव्हती. कायद्याने मान्यता होती ती दुसऱ्याच संघटनेला. संप विरत गेला आणि गिरणगावही. याउलट डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडींना ना एक मालक, ना हजेरीपट, ना कायम नोकरी; तरी अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी बांधलेल्या संघटनांच्या रेट्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे टोळीची नोंदणी, मजुरीवर मालकाकडून लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. माल उतरलाच नाही तर बाजार एक दिवसही तग धरत नाही, ही या हमालांची ताकद होती आणि नेत्यांनी ती ओळखून तिचे कायद्यात रूपांतर करून घेतले.

शेतकरी संघटनेचा प्रयोग या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला आले, कोरडवाहू शेती केली आणि जमाखर्च मांडून पाहिला. शेती तोट्यात जाते ती शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे नाही तर धोरणामुळे, हा निष्कर्ष त्यांनी गावोगाव आकड्यांनिशी समजावला. १९८० मध्ये चाकणला आणि नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाची आंदोलने झाली. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांवर गोळीबार होऊन शेतकरी बळी गेले. सबसिडी नको, कर्जमाफीची मेहेरबानी नको, घामाचे दाम द्या, ही मागणी शेतकऱ्याला लाचारीतून बाहेर काढणारी होती. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर याच संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितले. सरकारकडे मागणाऱ्या संघटनेने आपल्या सभासदांकडेही काही मागावे, असे फार थोड्या वेळा घडते. पुढे १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला; नंतरच्या पिढीत राजू शेट्टींची स्वाभिमानी संघटनाही निवडणुकीत उतरली. गट पक्ष झाला की काही जागा मिळतात, पण सगळ्यांवर दबाव टाकण्याची मोकळीक जाते. युती कोणाशी केली, यावरच मग संघटनेची परीक्षा होते.

ध्येयवादी गटांची वाट सर्वांत लांब. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी सुमारे अठरा वर्षे पाठपुरावा केला. मसुदे बदलले, कलमे कमी झाली, काही वारकरी आणि हिंदुत्ववादी संघटनांनी विरोधी दबाव उभा केला, मंत्रिमंडळे आली आणि गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शांततेच्या मार्गाने मांडलेली मागणी ऐकायला एका माणसाचा जीव जावा लागला, याची शरम या राज्याला वाटली पाहिजे. माहिती अधिकाराचा प्रवासही असाच, राजस्थानातल्या बियावरच्या १९९६ च्या धरण्यापासून अण्णा हजारे यांच्या महाराष्ट्रातल्या उपोषणांपर्यंत आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंतचा. तो हक्क मजुरांनी हजेरीपट बघायला मागण्यातून निघाला होता, हे त्याचा वापर करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

कायदा किंवा आश्वासन मिळाले की काम संपत नाही. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कांसाठी नाशिकहून निघाले. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण नको म्हणून सोललेल्या पायांनी ते रात्रीच पुन्हा चालायला लागले आणि उजाडण्याआधी आझाद मैदानात आले. मुंबईकरांनी पाणी दिले, खाणे दिले, चपला दिल्या. संध्याकाळी सरकारने लेखी आश्वासन दिले. त्यानंतर २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये त्याच मागण्यांच्या पूर्ततेसाठी त्याच माणसांना पुन्हा निघावे लागले. घोषणा करून घेण्यासाठी एक दबाव लागतो आणि अंमलबजावणीसाठी दुसरा, अधिक चिवट. आपल्याकडची पुष्कळ आंदोलने पहिल्यावरच दमतात.

दबावाचा जो भाग डोळ्यांना दिसत नाही, तो अधिक काळजीचा आहे. मोर्चाने वाहतूक अडली की वर्तमानपत्रे रागावतात. बंद खोलीत एखादी सवलत ठरली तर कोणाची गाडी अडत नाही. निवडणूक रोख्यांच्या योजनेत कोणी कोणत्या पक्षाला किती पैसे दिले हे मतदाराला कळत नव्हते, कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या टक्केवारीची मर्यादाही काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली, ते मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या आधारे. अमेरिकेत सरकारदरबारी प्रभाव टाकण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना १९९५ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते आणि खर्च जाहीर करावा लागतो. त्याने तिथला पैशाचा प्रभाव गेला नाही, पण निदान तो मोजता येतो. आपल्याकडे तसा कायदाच नाही. तो व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दबावगटांना लोकशाहीचे शत्रू मानणारे आणि त्यांना लोकशाहीचे रक्षणकर्ते मानणारे, दोघेही अर्धेच पाहतात. दबाव राहणारच, ज्या समाजात तो दिसत नाही, तिथे तो फक्त लपलेला असतो. खरा अन्याय आहे तो दबावाच्या विषम वाटपात. साखरेच्या धंद्यात कारखान्यांचा संघ आहे, ऊस उत्पादकांच्या परिषदा आहेत. पण बीडहून सहा महिने कोयता घेऊन फडात राहणाऱ्या जोडप्याचा आवाज करार-वाटाघाटीच्या वेळीच काय तो ऐकू येतो, आणि त्यातही बाईचा जवळजवळ नाहीच. लोकशाही खोल व्हायची असेल तर दबाव उघड्यावर आला पाहिजे आणि ज्यांना आजवर तो टाकता आला नाही त्यांच्या हाती तो आला पाहिजे.

पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या गटांची ओळख आहे. ती वाचताना प्रत्येक गटाला चार प्रश्न विचारा. तो कोणाच्या नावाने बोलतो आणि त्या माणसांनी त्याला तसे सांगितले आहे का? त्याच्या मागणीची किंमत कोणाला मोजावी लागेल? तो आपले म्हणणे चारचौघांत मांडतो की बंद दाराआड? आणि त्याचा पैसा कुठून येतो? मग पुस्तक बाजूला ठेवून हेच प्रश्न तुम्ही स्वतः ज्या संघटनेचे सभासद आहात तिलाही विचारा, मग ती सोसायटी असो, कर्मचारी संघटना असो, ज्ञातिसंस्था असो की शेतकऱ्यांची संघटना. आणि तुम्ही कोणत्याच संघटनेत नसाल, तर तुमच्या वतीने कोणीच बोलत नाही हे ओळखून आजच एखादीत सामील व्हा.